एक पाय हवेचा

मास्तर माणसाच्या तोंडाकडे उशिरा बघायचे. आधी पाय. दारात कुणी आलं की त्यांची नजर खाली जायची, चपला निघेपर्यंत ते थांबायचे, आणि पाहुण्याला बसही न म्हणता सांगायचे, "अंगठा पुढे कर." नवा माणूस गोंधळायचा. मास्तर वाकून त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबायचे, पांढरं पडलं की सोडायचे आणि ते परत गुलाबी होईपर्यंत मोठ्यानं आकडे मोजायचे. दोनाच्या आत गुलाबी आलं तर "ठीक." तीन-चार झाले तर "रक्त आळशी आहे तुझं." एकदा खालच्या मजल्यावर मुलगी बघायला आलेली मंडळी चुकून एक जिना जास्त चढली आणि मास्तरांच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी नवऱ्या मुलाचं नख दाबलं, मोजलं आणि खाली निरोप पाठवला की मुलगा बरा आहे, पण बसून काम करणारा दिसतो. लग्न झालं. मुलगा खरोखरच पोस्टात होता.

मास्तर हे नाव कबड्डीमुळे पडलेलं. शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती. मिलमध्ये ते हवेवर होते. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यात दिवसरात्र दमट हवा सोडत राहावी लागते. ती सोडणारी यंत्रं सांभाळणारे ते फिटर. पहिली पाळी सुटली की घरी न जाता थेट आमच्या चाळीमागच्या पट्ट्यात यायचे. लालबागमध्ये मैदान म्हणतात ते म्हणजे दोन चाळींच्या मधली माती. तिथं आमचा संघ खेळायचा. तरुणपणी ते स्वतः मिलच्या संघातून चढाई करायचे. मग गुडघा गेला आणि ते शिकवायला लागले. शिकवणं कसलं, शिव्या देणंच जास्त. पण त्या शिव्याही पायांनाच असायच्या. "तुझा डावा पाय सासुरवाडीला गेलाय काय?" असं एकदा मला सगळ्या गॅलऱ्या ऐकत असताना विचारलं होतं.

त्यांचा एक नियम होता. सरावाआधी रांगेत उभं करून प्रत्येकाला विचारायचे, "दुखतं काय?" त्यावर उत्तर ठरलेलं, "नाय मास्तर." कारण "होय" म्हणणाऱ्याला ते चपलांच्या ढिगाशेजारी बसवायचे, आणि चपलांशेजारी बसलेला पोरगा रविवारच्या सामन्यातही बाहेर असायचा. नियम काळजीपोटी केलेला होता. आमच्या हातात आल्यावर तो शाळेतल्या हजेरीसारखा झाला. मोडलेल्या बोटाचा पोरगाही "नाय मास्तर" म्हणायचा आणि मास्तर पुढे सरकायचे. हे सगळं त्यांना कळत होतं की नव्हतं, हा प्रश्न मी पुढे कितीतरी वर्षं मनात चघळत राहिलो.

विजारीची गोष्ट सांगतो. एकदा मिलच्या दवाखान्यात त्यांचा रक्तदाब मोजला. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. डॉक्टर आकडा बघत होता आणि मास्तर स्वतःचा पंजा. पट्टा सुटल्यावर पंजा आधी होता त्यापेक्षा गरम आणि लाल झाला, असं त्यांना दिसलं. त्यांनी डॉक्टरला परत बांधायला लावलं, मग आणखी एकदा. चौथ्या वेळी त्यांना बाहेर काढण्यात आलं. संध्याकाळी ते आम्हाला म्हणाले, "रक्त खाली जाताना धावतं आणि वर येताना बसून राहतं. त्याला खालून ढकलणारा कोण पाहिजे की नको?"

त्यातून ती विजार झाली. मिलच्या जाड कापडाची, मांडीपर्यंत येणारी, आत सायकलच्या ट्यूब गुंडाळून शिवलेली. एका पायाला तीन ट्यूब: घोट्याला एक, पोटरीला एक, मांडीला एक. प्रत्येकीला वेगळा पितळी कॉक. सायकलच्या पंपानं आधी घोटा भरायचा, मग पोटरी, मग मांडी, आणि मग तिन्ही कॉक एकदम सोडायचे. पहिली विजार त्यांनी बायकोसाठी शिवली होती, हे आम्हाला नंतर कळलं. ती मिलमध्ये वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, वीस वर्षं उभी, पायांच्या शिरा दोरासारख्या वर आलेल्या. तिनं विजार हातात घेतली, उलटसुलट केली आणि सांगितलं, "ह्या इजारीत मी शिरूचंय नाय. ह्या पोरांका घाला." म्हणून ती आमच्या नशिबी आली.

मास्तरांच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून झोपायचं, ते कॉकशी बसायचे आणि पंप मी मारायचो. माझे हात लांब होते, एवढीच माझी पात्रता. पंप मारताना बोलायचं नाही, कारण त्यांना हवेचा आवाज ऐकायचा असे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. भुवई उचलली की थांबायचं, हनुवटी हलली की पुन्हा सुरू. शे-दीडशे वेळा आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो असू. त्यांचा चेहरा मला माझ्या बापाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होता.

लोक त्यांना चक्रम म्हणायचे, पण चक्रम माणसाला शिस्त नसते आणि मास्तरांना ती नको तेवढी होती. ते हवा एकाच पायात भरायचे. दुसरा पाय तसाच ठेवायचा. "एक पाय हवेचा, एक पाय देवाचा," असं म्हणायचे. मग दोन्ही पायांची नखं दाबायची, दोन्ही पोटऱ्यांना शिंप्याची टेप लावायची, दोन्ही पायांवर लंगडी घालून पट्टा पार करायला लावायचं आणि सगळं एका वहीत लिहायचं. एवढी उलाढाल करून त्यांना काय सापडलं, तर हवेचा पाय गरम होतो, नख लवकर गुलाबी होतं, जडपणा जातो. लंगडीत मात्र काही फरक नाही. दुसरा कुणी असता तर शेवटचं वाक्य लिहिलं नसतं. मास्तरांनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. "पाय हलका होतो, खेळ हलका होत नाय. कळलं? ही विजार घालून कोण जिंकत नसतो."

संप सुरू झाला तेव्हा मास्तर म्हणाले, दोन महिने. सगळेच तेवढे म्हणत होते. पुढचं मी सांगायला नको. गाववाल्यांच्या खोल्यांमध्ये चाळीसचाळीस माणसं राहायची, त्या रिकाम्या झाल्या. आधी म्हातारे कोकणात गेले, मग बायका, मग ज्यांना जायचं नव्हतं तेही. मास्तरांची बायको गणपतीला म्हणून गेली ती तिकडेच राहिली. मास्तर राहिले, कारण संघ होता. काम नाही म्हणून सराव दुप्पट झाला आणि जेवण अर्धं. आम्ही पेज पिऊन खेळायचो. सुकटीचा वास कुणाच्या खोलीतून आला तर त्या खोलीसमोरून जरा हळू चालायचो.

भूक मास्तरांना नखांत दिसायला लागली. रांगेत उभं करून अंगठे दाबायचे आणि आकडे वाढत जायचे. "तीन… चार…" मग वर न बघता विचारायचे, "घरी काल काय शिजलं?" पोरगा पाय मागे घ्यायचा. मास्तर पुढच्या अंगठ्याकडे वळायचे. विजार मात्र त्या दिवसांत जास्त चालली. आम्हीच एकमेकांना चिडवायचो की पोटात काही नाही, निदान पायात तरी भरून घ्या.

सद्या माझ्या शेजारच्या खोलीतला. माझ्याच वयाचा, संघातला एकच खरा चढाईचा खेळाडू. बाकी आम्ही भरती. त्याचा बाप साच्यावर होता, म्हणजे मागावर. तो संपात सद्याच्या दोन लहान भावंडांना घेऊन गावी गेला. आई मागे राहिली आणि दादरला लोकांची धुणीभांडी करायला लागली. आयुष्यभर मिलमध्ये मान वर करून काम केलेली बाई, दारात उभं राहून "बाई, भांडी टाका" म्हणायला शिकली. सद्याला हे बघवत नव्हतं, आणि बघण्यावाचून इलाज नव्हता. अशात बातमी आली की एका बँकेला आपल्या संघासाठी एक चढाईवाला हवा आहे. एकच. निवड झाली की कायम नोकरी. दादरच्या एका मैदानावर रविवारी सकाळी खेळवून बघणार होते. सद्याचं नाव मास्तरांनीच कुणाकुणाला भेटून, चार जिने चढून लावलं होतं. चाळीत अशी चर्चा की सद्याला नाकारायचं तर बँकेला निवडायला आंधळा माणूस बसवावा लागेल.

आणि त्या रविवारच्या दोन महिने आधीच वरळी कोळीवाड्यातल्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टर कापलं तेव्हा रविवारला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. पाय काडी झाला होता. मग चार-पाच दिवसांनी पोटरी सुजली. सगळे म्हणाले, प्लास्टर काढल्यावर सूज येतेच. खरंच येते. चाळीत चार जणांना आली होती आणि उतरलीही होती. कुणी काही खोटं सांगत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नळावर रांगेत असताना सद्या माझ्या कानाशी आला. "पोटरीत टोचतंय रे. पाय टेकवला की कळ येते. गरम पण लागते."

"मास्तरना सांग."

"येडा आहेस काय? बसवतील मला. परवा रविवार." मग म्हणाला, "तू पण बोलू नको. आयशपथ."

"नाय बोलत," मी म्हणालो. बादली भरली आणि वर गेलो.

त्या दुपारी मास्तरांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. सद्या आडवा झाला. मास्तरांनी विचारलं, "दुखतं काय?"

"नाय मास्तर."

मास्तरांनी विजार वर ओढली. पोटरीपाशी त्यांचा हात जरा थांबला. कापडाची घडी नीट करत असतील, असं मला वाटलं. मग त्यांनी कॉक फिरवला आणि म्हणाले, "मार." मी पंप मारायला लागलो. पंपाच्या बुडाशी एक पितळी पट्टी होती, तिच्यावर दोन स्क्रू होते, आणि त्यातला एक ढिला होता. मला हे इतकं नीट आठवतं, कारण सगळा वेळ मी तिथंच बघत होतो. त्या दिवशी मास्तरांना तोंडानं "बस" म्हणावं लागलं. तेही दोनदा.

शनिवारी सकाळी सद्या खुशीत होता. सूज उतरली, पाय हलका वाटतो म्हणाला. गॅलरीत दोन उड्या मारून दाखवल्या आणि शेजारणीचं वाळत घातलेलं लुगडं डोक्यावर घेऊन तिला हसवलं. मग खाली दूध आणायला गेला. परत येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसला. कुणीतरी हाक मारली म्हणून मी धावलो. तो भिंतीला टेकून तोंड उघडून श्वास घेत होता, आणि श्वास आत जात नव्हता. ओठ जांभळे पडले होते. त्यानं माझा शर्ट धरला. टॅक्सीत घातला तेव्हा मास्तर पुढे बसले होते. परळच्या इस्पितळात पोचेपर्यंत ते मागे वळून त्याच्या अंगठ्याचं नख दाबत राहिले. आकडे मोजत नव्हते. दाबायचे, सोडायचे, बघायचे, परत दाबायचे.

इस्पितळाच्या व्हरांड्यात एका तरुण डॉक्टरनं आम्हाला समजावलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. दीड महिना पाय हलला नाही म्हणून झाली असेल. ती सुटली आणि रक्ताबरोबर वर जाऊन फुप्फुसात अडकली. मग त्यानं विचारलं, "पायाला काही केलं होतं का? मालिश, शेक?"

मी सद्याच्या आईकडे बघितलं. ती बाकावर बसली होती आणि तिच्या हातात दुधाची पिशवी होती. ती पिशवी तिथं कशी आली, मला आजही माहीत नाही.

"मी हवा भरली होती," मास्तर म्हणाले. आणि मग उभ्या उभ्या त्यांनी डॉक्टरला सगळी विजार समजावून सांगितली. घोटा आधी, पोटरी नंतर, मांडी शेवटी, कॉक कुठले, ट्यूब कुठल्या. एक शब्द लपवला नाही. डॉक्टर ऐकत राहिला. मग म्हणाला, "सुजलेल्या पायाला असं करायचं नसतं हो. पोटरी गरम होती का? दुखतं म्हणाला होता का तो?"

"विचारलं होतं मी. नाय म्हणाला," मास्तर म्हणाले.

"मग तुम्हाला कसं कळणार," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. मी मास्तरांच्या मागे उभा होतो. तोंड उघडायची ती जागा होती. मी उघडलं नाही.

तेराव्याला सद्याची आई मास्तरांच्या दारात आली. अख्खी चाळ कान लावून होती, आता ही बाई काय करते म्हणून. तिनं मास्तरांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "तुमी बऱ्यासाटीच केलात, मास्तर. माज्या मनात काय नाय." तिनं शिव्या दिल्या असत्या तर मास्तर कदाचित वाचले असते. ती गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. पुढचे दोन दिवस ते ब्लेडच्या पात्यानं विजारीचा एकेक टाका उसवत बसले होते. ट्यूब सायकलवाल्याला परत दिल्या, कॉक भंगारात. कापडाचं पायपुसणं केलं आणि स्वतःच्याच दारात टाकलं.

संघ मोडला. संप कधी मिटलाच नाही, नुसता विरत गेला. मास्तरांना काही वर्षांनी वॉचमनची नोकरी मिळाली, त्यांच्याच बंद मिलच्या फाटकावर. आत यंत्रं कापून ट्रकमध्ये भरत होते आणि बाहेर हे स्टुलावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय बघत. नख दाबायचं त्यांनी सोडलं होतं. त्याऐवजी नवीनच खूळ लागलं. कुणी लंगडताना दिसला की ते उठून जायचे आणि विचारायचे, "दुखतं काय?" माणूस काहीही म्हणाला तरी त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. वाकून ते हाताच्या मागच्या बाजूनं त्याची पोटरी चाचपायचे. गिरणगावातले सामने असले की बाकांच्या रांगेमागे उभे राहायचे आणि सामना सुटल्यावर बाहेर येणाऱ्या खेळाडूंच्या पोटऱ्यांना हात लावायचे. पोरं त्यांना पोटरीवाला म्हणायला लागली. ज्यांना इतिहास माहीत होता ते म्हणायचे, पोरगा गेला त्याचा धक्का. मीही तेच म्हणायचो, पण मला वाटायचं की ह्या माणसाला वेड लागलं ते माझ्या गप्प बसण्यामुळे.

एकदा हिंदमाताला मी त्यांना मार खाताना बघितलं. साड्यांचे गठ्ठे वाहणारा एक हमाल पाय ओढत चालला होता. मास्तरांनी भर रस्त्यात गुडघ्यावर बसून त्याची विजार वर केली. त्यानं गठ्ठा टाकला आणि मास्तरांच्या कानाखाली वाजवली. माणसं जमली. मी आत घुसलो, तर मास्तर गाल चोळत त्या हमालालाच सांगत होते, "मार, पण आधी डॉक्टरकडे जा. गरम आहे. हात लावून बघ, गरम आहे." मी त्यांना बाजूला घेतलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तरी लावून बघ." मी नाही लावला. मला लाज वाटत होती.

मी पुढे इस्पितळाच्या व्यायामोपचार विभागात मदतनीस म्हणून लागलो. हे खातं मी का निवडलं, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर खेळाडूंच्या एका सेंटरमध्ये बसतो. लोअर परळला काचेची इमारत आहे, सतराव्या मजल्यावर. मॅरेथॉन धावणारे, क्रिकेट खेळणारे, सायकलवाले येतात. आम्ही त्यांच्या पायांत मांडीपर्यंत फुगणारे बूट चढवतो. हवा आपोआप घोट्यातून वर सरकत जाते आणि सुटते. पोरं मोबाइल बघत पडून राहतात. मी प्रत्येकाला विचारतो, पोटरीत दुखतं का, आणि उत्तर काहीही आलं तरी हात लावतो. मॅनेजरबाईंनी मला एकदा सुचवलं की क्लायंटना ते आवडत नाही. मी म्हणालो, मग मला काढा.

मागच्या वर्षी दुपारी खालून गार्डचा फोन आला. "अंकल, एक आजोबा आलेत. बोलतात पायात हवा भरायचीय."

कुणाकडून तरी माझा पत्ता काढून मास्तर काठी टेकत आले होते. पंचाऐंशीच्या पुढचे असतील. आल्याआल्या माझ्या बुटांकडे बघितलं, मग मशीनकडे. फुगणाऱ्या बुटाच्या आत हात घालून कप्पे मोजले. "आमचे तीन होते. हे किती?"

"पाच."

"कॉक कुठे?"

"आत आहेत. आपोआप फिरतात."

"पंप कोण मारतो?"

"कुणी नाही."

त्यांनी बूट खाली ठेवला. मग विचारलं, "आणि? फरक पडतो?"

"हवा चालू असेपर्यंत रक्त जोरात फिरतं. नंतर हळूहळू होतं तसं. पाय हलका वाटतो. खेळात म्हणाल तर फारसं काही नाही."

"वहीत लिहिलं होतं मी," मास्तर म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ते कोचावर आडवे झाले आणि धोतर वर घेतलं. "लाव. थंड पडतात रे पाय. बायको असती तर म्हणाली असती, आता घाला माझी इजार तुम्हीच."

मी सवयीनं विचारलं, "पोटरीत दुखतं का, मास्तर?"

"नाय."

मी हात लावला. पोटऱ्या गार होत्या, कातडी ढिली. मास्तर माझ्या हाताकडे बघत होते.

"नाय म्हटलं तरी लावलास."

"सवय आहे."

"मी पण लावला होता," मास्तर म्हणाले. "त्याच्या पोटरीला. गरम होती."

मशीनच्या पलीकडे एक पोरगी कानात यंत्र घालून पडली होती. एसीचा आवाज येत होता. मी म्हणालो, "डॉक्टरनी विचारलं तेव्हा तुम्ही तर…"

"त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. मी एकीचंच उत्तर दिलं."

"मग हवा का भरलीत?"

"रविवार आला होता ना. त्याच्या आईनं सकाळीच माझ्या देवापुढे नारळ ठेवला होता, पोराची नोकरी होऊ दे म्हणून. कामाला जाता जाता. वाटलं, दोन दिवस निघतील. एवढी निवड होऊ दे, मग बसवतो चपलांशेजारी महिनाभर."

चाळीस वर्षं जे तोंडात धरून बसलो होतो ते मग माझ्या तोंडून गेलं. "मला सांगितलं होतं त्यानं. नळावर. टोचतंय म्हणाला होता."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"पंप मारताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. एरवी डोळे लावून बसायचास." त्यांनी धोतर नीट केलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण होतं. "तेव्हाच समजलो, ह्याला पण माहीत आहे. मी थांबलो होतो थोडा. म्हटलं हा बोलेल. तू बोलला असतास तर काढली असती मी विजार."

"आणि मी वाट बघत होतो की तुम्ही परत विचाराल."

"हो ना," मास्तर म्हणाले. "आणि तो बिचारा आपल्या दोघांना फसवल्याच्या खुशीत."

त्यांनी स्वतःच पाय पुढे केला, म्हणाले, "चढव आता. थंडी वाजते." मी बूट चढवले, चेन लावली. "दोन्ही?" मी विचारलं. "एकच," ते म्हणाले. "दुसरा राहू दे तसाच." मी एक बूट काढून घेतला आणि बटण दाबलं. हवा घोट्यातून वर चढायला लागली.

ते मशीन वीस मिनिटांनी आपोआप थांबतं. कुणी लक्ष द्यायची गरज नसते. तरी मी स्टूल ओढून समोर बसलो आणि ते थांबेपर्यंत मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिलो.